जहाज कोणासाठी थांबतं?

बंदराच्या दिवशी सकाळी जहाजावरच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये दोन तऱ्हांची माणसं दिसतात. काहींच्या छातीवर गोल स्टिकर असतो, त्यावर बसचा नंबर. ही मंडळी निवांत दुसरी कॉफी घेत बसतात. बाकीची मोबाइलवर ट्रेनचं वेळापत्रक बघत उभ्या उभ्या टोस्ट खातात आणि शिडी लागायच्या आधीच दाराशी जाऊन ताटकळतात. माझी थोरली बहीण पहिल्या तऱ्हेची, मी दुसऱ्या. दोघी निवृत्त, दोघींना हिंडायची हौस, आणि एकमेकींशिवाय करमतही नाही. त्यामुळे भूमध्य समुद्रात काय आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीत काय, एका केबिनमध्ये राहून आम्ही प्रत्येक बंदराला तोच वाद घातला आहे: जहाजवाल्यांची टूर घ्यायची, की आपलं आपण फिरायचं? त्या वादातून हाती लागलेलं हे थोडंफार.

१. कार्यक्रमात छापलेलं गाव आणि जहाज लागतं ते गाव एकच असेल, असं धरून चालू नये. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत 'रोम' असतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'चिविताव्हेक्किया'. हे बंदर थेट सम्राट ट्राजनच्या काळातलं, पण रोमपासून ७०-८० किलोमीटरवर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून पुढे ९० किलोमीटरच्या आसपास. 'बर्लिन' म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचं वार्नम्युंडे. तिथून बर्लिन गाठायचं तर २०० किलोमीटरहून जास्त अंतर आणि तीनेक तास. उलट नेपल्सला शिडी उतरून रस्ता ओलांडला की समोर कास्तेल नुओव्हो किल्ला. माँटेनेग्रोतल्या कोटोरला तर जुन्या शहराची वेस जहाजाच्या डेकवरूनच दिसते. म्हणजे 'सगळीकडे टूर घेऊ' आणि 'एकही टूर नको' ही दोन्ही उत्तरं घरी सोफ्यावर बसून दिलेली असतात. आम्ही पूर्वी टूरच्या किमती बघत बसायचो, आता आधी नकाशा उघडतो. अर्धे वाद तिथेच मिटतात. उरलेले अर्धे आम्ही जपून ठेवतो.

२. टूरचे पैसे मोजताना मला वाटायचं, आपण बस आणि गाइड विकत घेतोय. मग एवढे कसे? दोघींचे मिळून एका बंदराचे सहज पंधरा-वीस हजार रुपये होतात. हळूहळू कळलं की त्यातला मोठा वाटा जहाजाच्या थांबण्याचा असतो. जहाजवाल्यांच्या टूरची बस वाटेत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, आणि थांबणं शक्यच नसेल तर तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवणं ही त्यांची जबाबदारी. आपले आपण गेलेल्यांसाठी मात्र सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी 'ऑल अबोर्ड'ची वेळ येते आणि मग शिडी वर जाते. २०२४ च्या मार्चमध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या साओ तोमे बेटावर आठ प्रवासी बाहेरच्या कुणाची सहल घेऊन उशिरा परतले. जहाज समोर नांगर टाकून उभं होतं, तरी त्यांना वर घेतलं नाही. त्यांचे पासपोर्ट बंदरावरच्या एजंटकडे ठेवले आणि जहाज निघून गेलं. पुढे ही मंडळी एकेक देश ओलांडत सेनेगलपर्यंत जहाजाच्या मागे गेली. ताईनं ही बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, वर-खाली एक शब्दही न लिहिता.

त्या आठांतल्या बहुतेकांकडे असे पासपोर्ट होते, की ज्यांना बरेचसे देश व्हिसाचं फारसं विचारत नाहीत. आपलं तसं नाही. ग्रीस, तुर्कस्तान, पुन्हा ग्रीस असा मार्ग असला की आपल्याला शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच लागतो, आणि त्यात जहाज चुकलं तर तो गुंता सोडवायला दूतावासाच्या दारात बसावं लागेल. म्हणून मी एकटी उतरते तेव्हा पर्समध्ये पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स असते. शिवाय जहाजावर रोज संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेचा तो कोपरा असतो, ज्यावर दुसऱ्या दिवशीच्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. सबंध जहाजावर तो कोपरा फाडून घेणारी मी एकटीच असेन, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

३. तो भ्रम चिविताव्हेक्कियाच्या स्टेशनवर गेला. रोमला आपलं आपण जाणं हे माझ्या मते मोठं धाडस होतं. बंदराच्या आतल्या शटल बसनं 'लार्गो देल्ला पाचे' नावाच्या थांब्यापर्यंत, तिथून दुसऱ्या बसनं स्टेशन. तिकीट माणशी पाच युरोच्या आसपास. ते कागदी असेल तर फलाटावरच्या मशीनमध्ये सरकवून शिक्का उमटवून घ्यायचा, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होतो. हे सगळं मी पाठ करून गेले होते. फलाटावर पाहते तर निम्मं जहाज तिथे उभं! सगळ्यांच्या गळ्यात जहाजाच्या कार्डाची तीच दोरी, पाठीवर तसल्याच सॅक, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर आपण कळपातून फुटून निघाल्याचं तेच समाधान. डब्यात समोर बसलेल्या जोडप्याला मी आदल्या रात्री सूपच्या रांगेत पाहिलं होतं. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही. दोन्हीकडून तसं ठरल्यासारखंच झालं.

पण गाडी सुंदर. उजव्या हाताला बराच वेळ समुद्र. सान पिएत्रो स्टेशनवर उतरायचं. फलाटावरूनच सेंट पीटर्सचा घुमट दिसतो, आणि तिथून चौक पायी दहा-पंधरा मिनिटांवर. टूरच्या बसमधली मंडळी आमच्यानंतर पोचली. हे मी ताईला तेव्हा सांगितलं, आणि नंतरही सांगितलं. फक्त इटलीत आदल्या रात्री संपाची बातमी बघून घ्यावी लागते. तिथले रेल्वेवाले संपाची आगाऊ सूचना देतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या गाड्या चालवतात. जहाजाच्या प्रवाशाला दुपारच्या गाड्या लागतात, आणि नेमक्या त्याच बंद असतात.

४. मोबाइलची वेळ आणि जहाजाची वेळ एकच असेल याची खात्री नसते. मोबाइल किनाऱ्याचं नेटवर्क पकडतो आणि आपला आपण एक तास पुढे-मागे होतो. जहाज कॅप्टन सांगेल तसं चालतं. ताईनं यासाठी चावीचं जुनं एचएमटी घड्याळ आणलं होतं. ते जहाजाच्या वेळेला लावायचं आणि नंतर हात लावायचा नाही. मी त्या घड्याळाला हसले होते. बंदरात उतरल्यापासून परत येईपर्यंत "ताई, किती वाजले गं?" असं सगळ्यांत जास्त वेळा मीच विचारते.

५. दगड बोलतात म्हणे. पोम्पेईचे दगड माझ्याशी अवाक्षर बोलले नसते. इथे ताईचा हट्ट म्हणून जहाजाची टूर घेतली होती, आणि नेपल्सच्या बंदरापासून बसमध्ये मी तोंड फुगवून बसले होते. जहाज भर शहरात लागतं, गारिबाल्दी स्टेशनवरून 'चिर्कुमवेसुव्हियाना' नावाची लोकल निघते, आणि ती अर्ध्या-पाऊण तासात उत्खननाच्या प्रवेशद्वारासमोर आणून सोडते. असं असताना बस कशाला? त्या लोकलमध्ये फार गर्दी असते, पाकीटमार असतात, असं सांगून जहाजवाले घाबरवतात. ठाण्याहून ३० वर्षं सकाळची फास्ट पकडलेल्या बाईला!

आत गेल्यावर मात्र चित्र पालटलं. वरवर पाहिलं तर पोम्पेई म्हणजे छप्पर उडालेल्या घरांच्या मैलभर ओळी. पाचव्या घरानंतर सगळी सारखी दिसायला लागतात. कानातल्या यंत्रातून गाइडबाईंचा आवाज आला, "खाली बघा." रस्त्यात मध्येच उंच दगड रोवलेले होते, रस्त्यावरच्या पाण्या-घाणीत पाय न घालता पलीकडे जायला; आणि दोन दगडांमधली फट नेमकी गाडीचं चाक जाईल एवढी. त्या फटींतून चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या अजून बोटभर खोल. मग एका कोपऱ्यावरचा दगडी हौद. तोटीच्या दोन्ही अंगांना कठड्याचा दगड झिजून गुळगुळीत खळगे पडले होते. पाणी प्यायला वाकणारे लोक तिथे हात टेकवत. एका बाजूचा खळगा जास्त खोल. "उजवा हात," बाई म्हणाल्या. रांगेतल्या प्रत्येकानं तिथे आपला उजवा हात ठेवून पाहिला, मीसुद्धा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा एका भट्टीत ८१ पाव होते; जळून कोळसा झालेले ते पाव १८६२ साली भट्टीतच सापडले. प्रत्येकावर आठ फोडी करायच्या खुणा होत्या, पाव मोडून देताना भांडण नको म्हणून असाव्यात. हे मी एकटी गेले असते तर मला कुणी सांगितलं असतं? मी भिंतींचे फोटो काढून परत आले असते आणि पोम्पेईत फार उकडतं म्हणून सांगितलं असतं.

म्हणून आता एक नवा हिशोब मनात बसलाय. जिथे रस्ते, दुकानं, माणसं बघायची तिथे आपले आपण. जिथे भग्नावशेष आहेत तिथे सांगणारं कुणीतरी हवं. ते जहाजाचंच हवं असं नाही. पुन्हा गेले तर लोकलनं जाईन आणि गाइड तिथे जाऊन घेईन. फक्त तिकीट आधी काढून ठेवीन, कारण २०२४ च्या नोव्हेंबरपासून पोम्पेईत दिवसाला २०,००० लोकांनाच सोडतात. ताई म्हणते, एवढी खटपट करून शेवटी गाइडच घ्यायचा असेल तर बसमध्ये बसायला तुला काय होतं?

६. काही बंदरांना धक्काच नसतो. सँटोरिनीत जहाज ज्वालामुखीच्या बुडालेल्या तोंडात उभं राहतं. तिथे पाणी ३०० मीटरहूनही खोल, त्यामुळे मोठ्या जहाजाचा नांगर तळाला टेकत नाही. लहान होड्यांमधून किनाऱ्यावर नेतात. आमच्या आजोळी, मालवणला, मुंबईची बोट अशीच लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. पोरांना वरून खाली खलाशाच्या हातात चक्क टाकत. ताईला तेव्हा बोट लागायची, आणि पडावात बसल्यावर तर जास्तच. सँटोरिनीच्या होडीत पाय टाकताना तिनं माझं मनगट जे धरलं, ते किनारा येईपर्यंत सोडलं नाही.

इथे होडीचा क्रम महत्त्वाचा. टूरवाल्यांना आधी उतरवतात आणि अथिनियोसच्या बंदरावर नेतात, तिथून बस डोंगर चढते. बाकीच्यांना नंबर लागेपर्यंत जहाजावर बसवतात आणि मग फिरा गावाच्या बरोबर पायथ्याशी, जुन्या धक्क्यावर सोडतात. वर जायला तीन वाटा: केबल कार, सहाशेला थोड्या कमी पायऱ्या, आणि त्याच पायऱ्यांवरून चालणारी गाढवं. चढताना फारसं काही वाटत नाही, कारण लोक थोडे थोडे येतात. उतरताना सगळ्या जहाजांची माणसं एकाच वेळी जागी होतात आणि केबल कारची रांग गल्लीबोळांतून वळणं घेत पार दुकानांपर्यंत पोचते. पायऱ्या उतरायच्या तर गाढवांनी मागे ठेवलेलं सगळं चुकवत. ताईच्या गुडघ्याचा विचार करून आम्ही रांगेत उभ्या राहिलो, आणि निळ्या घुमटांच्या जगप्रसिद्ध गावातला आमचा बराचसा वेळ समोरच्या जर्मन गृहस्थांच्या पाठीकडे बघण्यात गेला. सँटोरिनीला पुन्हा जायचं तर मी मुकाट्यानं टूर घेईन. हे ताईला अजून सांगितलेलं नाही.

७. टूरमधलं 'शॉपिंग' हा सगळ्यांचा चेष्टेचा विषय, माझाही. तुर्कस्तानात कुशादासी बंदरातून एफेससला गेलो. टूरची बस वरच्या दारापाशी सोडते आणि खालच्या दारापाशी घ्यायला येते, त्यामुळे संगमरवरी रस्ता सगळा उताराचा. मिनीबसनं आपापले येणारे बहुधा खालून आत शिरतात, त्यांना आधी चढावं लागतं आणि मग तेवढंच परत उतरावं लागतं. सेल्ससच्या ग्रंथालयासमोर घामाघूम झालेले असे काही जण दिसले, तेव्हा गुडघेवाल्यांच्या वतीनं मी टूरला एक गुण दिला. आणि परतीच्या वाटेवर बस गालिच्यांच्या दुकानासमोर उभी राहिली, तेव्हा तो काढून घेतला.

सफरचंदाचा चहा आला. माणसं येऊन गालिचे हवेत फिरवून आमच्या पायांशी पसरू लागली. सगळी बस घड्याळ बघत होती. ताई उठली, पसरलेल्या एका रेशमी गालिच्यापाशी खाली बसली, आणि तिनं त्याचा कोपरा उलटा करून पाठ बघितली. येवल्याची पैठणी घेताना बघतात तशी. हातमागाची असली की मागून-पुढून सारखी दिसते. दुकानदार बोलायचा थांबला. मग तिच्यासमोर तोही खाली बसला आणि पाठीमागच्या गाठी बोटानं मोजून दाखवू लागला. एका धाग्यावर एकेरी गाठ की दोन धाग्यांवर दुहेरी, हे त्याचं. काठ आधी की पदर आधी, हे ताईचं. दोघांचं इंग्रजी यथातथा. आतून आणखी दोन गालिचे आले, ते त्यानं इतरांना दाखवले नव्हते. विकत काहीच घेतलं नाही. अख्ख्या टूरमध्ये कुणाशी खरं बोलणं झालं असेल तर ते तिथेच, आणि ते ज्या ठिकाणी झालं तिथे मी एकटी असते तर पायही ठेवला नसता.

८. जेवणाचं थोडक्यात. टूरमधल्या जेवणात शाकाहारी म्हणजे सॅलड, आणि सॅलडमध्ये कधी कधी मासा. मी काहीही खाते, ताई नाही. पेनांगला स्वेटनहॅम पिअरवर उतरून जॉर्ज टाउनमधल्या लिटल इंडियात थोडं चाललं की केळीच्या पानावर भात, रसम, दोन भाज्या. तिथे टूर घ्यावी असं ताईच्याही मनात आलं नाही.

९. काही बंदरांना टूरही नको आणि फिरणंही नको. व्हॅलेटाला जहाज तटबंदीच्या पायथ्याशीच लागतं. एक लिफ्ट ५८ मीटर वर नेऊन बागेत सोडते. तिथे कमानींखाली बाक आहेत आणि खाली सगळं बंदर पसरलेलं. बाराला तोफ उडते. कॅथीड्रलमधलं काराव्हाज्जोचं १६०८ चं भलंमोठं चित्र पाहिलं आणि उरलेला वेळ बाकावर घालवला. टूरमध्ये बसायला मिळतं ते फक्त बसमध्ये.

१०. एवढे दिवस भांडल्यावर सुचलेली युक्ती अशी, की दोघींनी एकच बंदर बघायला हवं असं कुठे आहे? लिव्होर्नोला ताई स्टिकर लावून फ्लॉरेन्सच्या बसमध्ये बसली आणि मी बंदराच्या शटलनं लिव्होर्नो गावातच उतरले. या गावाकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळे त्याला पाठ दाखवून पिसा नाहीतर फ्लॉरेन्स गाठतात. तिथे 'नवं व्हेनिस' नावाचा कालव्यांचा एक भाग आहे, पुलाखालून माणसं आपापल्या होड्या काढतात. मोठा झाकलेला बाजार आहे. तिथे हरभऱ्याच्या पिठाची, तव्याएवढ्या तांब्याच्या ताटात भट्टीत भाजलेली, आतून मऊ आणि वरून करपलेली वडी पावात घालून देतात, वर मिरपूड. मी ती उभ्या उभ्या खाल्ली आणि दुसरी घेतली. दुकानदाराला जहाजाची दोरी दिसली तसा तो फ्लॉरेन्सच्या रस्त्याकडे हात करून काहीतरी म्हणाला. 'बस तिकडून सुटते' असंच असणार.

रात्री जेवताना ताईनं फ्लॉरेन्स सांगितलं: कॅथीड्रलचा घुमट बाहेरून, चौकातला डेव्हिड, जो अस्सल नाही असं गाइडनं तो बघून झाल्यावर सांगितलं, आणि मागच्या सीटवरच्या नागपूरच्या कुटुंबाची सगळी वंशावळ. मी लिव्होर्नो सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू दिवसभर पिठलं खाल्लंस." पण वडी नेमकी कशी करतात ते तिनं दोनदा विचारलं.

आता पुढच्या वर्षीचं चाललंय. त्यात ल हाव्हर बंदर आहे, माहितीपत्रकात अर्थातच 'पॅरिस'. अंतर २०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन पाच तास तरी बसमध्ये. माझं म्हणणं, दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं आणि ऑग्युस्त पेरेनं काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेलं ते गावच बघू. जागतिक वारशात आहे, आणि जहाजावरून चालत जाता येतं. ताईनं बसचं बुकिंग कधी सुरू होतं ते विचारून ठेवलंय आणि मला एकच प्रश्न केलाय: "तू पॅरिस पाहिलंयस का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.